'व्हायरल असेल' म्हणण्याआधी



'आरोग्यम् धनसंपदा' हे वाक्य तुमच्या शाळेच्या भिंतीवर असेल. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'हेल्थ इज वेल्थ' होतं, कारण माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा माझ्या मराठीत चुका सापडल्या तर पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. मागच्या पावसाळ्यात मी आजारी पडले, तेव्हा ज्या प्रश्नांमुळे मी वाचले ते सगळे प्रश्न आमच्या मोहाडीत, साध्या मराठीत विचारले गेले होते. तेच प्रश्न हॉस्टेलच्या रूममध्ये कोणीही, कोणालाही विचारू शकतं. त्याला डॉक्टर असायची गरज नाही. हे सांगायलाच हा लेख.

माझीच गोष्ट

मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीची. भंडाऱ्याहून तुमसरला जाताना रस्त्यात लागतं ते, चौंडेश्वरी देवीचं मोहाडी. मागच्या वर्षी पोळ्याला घरी गेले होते. बैलांसाठी गवत आणायला आजी निघाली, तिच्यासोबत मीही धुऱ्यावर गेले. पायात साधी चप्पल, सलवार वर खोचलेली, गुडघ्याएवढं ओलं गवत. मजा आली. दोन दिवसांनी हॉस्टेलला परत आले आणि गवत विसरूनही गेले.

दहा-अकरा दिवसांनी अंग दुखायला लागलं, डोकं ठणकायला लागलं, ताप आला. १०१. त्याच आठवड्यात सेशनल होत्या. रूममध्ये सगळ्यांचं एकच मत पडलं, "व्हायरल असेल, सगळ्यांनाच आहे." मी पॅरासिटामॉल घेऊन पहिला पेपर दिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीने तिच्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल दिल्या. त्याही घेतल्या. चौथ्या दिवशी ताप १०० वर आला, तेव्हा वाटलं की बरं वाटतंय. पाचव्या दिवशी शेवटचा पेपर झाला आणि मी बॅग उचलून थेट नागपूरच्या बसस्टँडवर गेले. "घरी गेलं की बरं वाटेल" हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचं औषध आहे.

खिडकीची सीट मिळाली. मौदा कधी आलं नि गेलं ते मला आजही आठवत नाही. भंडाऱ्याला कंडक्टरने हलवून उठवलं. तिथून मोहाडीपर्यंत मी कशी पोचले तेही नीट सांगता येत नाही. सकाळी चहा देताना आजी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोरी, तुये डोरे पिवरे कायले दिसतेत व?"

बाबांनी गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या सिस्टरने थर्मामीटर नंतर काढला. आधी तिने मनगटावरचं घड्याळ बघत माझ्या छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहिलं. मी विचारलं काय करताय, तर म्हणाली, "काही नाही, बस." नंतर कळलं की ती माझे श्वास मोजत होती. एका मिनिटात ३२ होते. डॉक्टरांनी विचारलं: ताप कितवा दिवस? लघवी शेवटची कधी झाली? कोणत्या गोळ्या घेतल्या? गेल्या महिन्यात शेतात, गवतात गेली होतीस का? शेवटच्या प्रश्नाला मी "हो" म्हटल्याबरोबर सिस्टरने मला पडद्यामागे नेलं आणि अंगावर खूण शोधली. कमरेवर, जिथे नाडा बांधतो तिथे, एक काळी खपली होती. सिगारेटचा चटका बसल्यासारखी. दुखत नव्हती, खाजवत नव्हती. मला वाटलं होतं, नाडा घासला असेल.

तो स्क्रब टायफस होता. १०८ च्या गाडीने भंडाऱ्याला नेलं. एक रात्र ऑक्सिजनवर काढली. डॉक्सिसायक्लीन सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला. डॉक्टर बाबांना म्हणाले की आणखी दोन दिवस गेले असते तर फुप्फुस आणि किडनी दोन्हींचा प्रश्न झाला असता.

परत आल्यावर माझी रूममेट रडायला लागली. म्हणाली, "दोन रात्री तुझा श्वास जोरात ऐकू येत होता गं. पण काही म्हटलं की तू चिडत होतीस, म्हणून बोलले नाही."

मंडळी, या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे. माझ्या आजाराचं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण मला माहीतच नव्हतं, ते माझ्या रूममेटला माहीत होतं. आजारी माणूस स्वतःचा आजार मोजू शकत नाही. आणि आजारी माणसाचं चिडणं, गप्प होणं हेसुद्धा लक्षण असू शकतं.

गवतातला आजार

स्क्रब टायफस काही नवा नाही. गवतात, झुडपात राहणाऱ्या अगदी बारीक किड्याची पिल्लं चावली की त्याचे जंतू अंगात जातात. साधारण सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो, म्हणून गवत आणि ताप यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याची साथ आली होती, माणसं दगावली होती. काळी खपली सगळ्यांनाच दिसते असं नाही. ती काखेत, जांघेत, कमरेवर, गुडघ्यामागे अशा लपलेल्या जागी असते. आणि मी घेतलेल्या अमॉक्सिसिलिनचा या जंतूंवर काहीच उपयोग होत नाही. म्हणजे त्या चार कॅप्सूलने माझा एकही जंतू मेला नाही, फक्त दोन दिवस वाया गेले.

वीस वर्षांचा एक विद्यार्थी

दवाखान्यात पडल्या पडल्या मी आजारांबद्दल पुष्कळ वाचलं. त्यात एक गोष्ट मनात राहिली. १९०४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा मुलगा दातांचा डॉक्टर व्हायला शिकागोला गेला. वय वीस, म्हणजे आपल्याएवढाच. घरापासून हजारो किलोमीटर लांब, परकी थंडी. त्याच डिसेंबरमध्ये तो खोकला आणि तापाने दवाखान्यात भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काही पेशी गोल नसून विळ्यासारख्या वाकड्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे प्रसिद्ध केलं. सिकलसेलची वैद्यकशास्त्रात नोंद झाली ती अशी, एका परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यामुळे. नोएल पुढची अडीच वर्षं वारंवार आजारी पडत राहिला, पण १९०७ मध्ये डिग्री घेऊन घरी परतला. १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी.

शिकागोची गोष्ट इथे कशाला, असं वाटेल. पण १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या लोकांत हाच सिकलसेल असल्याचं दाखवलं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत तो आजही बऱ्याच घरांत आहे. म्हणजे आपल्या हॉस्टेलमध्येही तो असणारच. फक्त लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून घरचे सांगू देत नाहीत आणि मुलं कार्ड बॅगेच्या तळाशी ठेवतात. आई-वडील दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो आणि बहुधा ठणठणीत असतो. ज्याला आजार आहे त्याला पाणी कमी पडलं, थंडी बाजली, फार दमला किंवा ताप आला की वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं भयंकर दुखतात. अशाला १०१ च्या वर ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर 'उद्या बघू' म्हणायचंच नाही. निदान रूममेटला आणि रेक्टरला तरी हे माहीत असू द्या. त्यात लाज कसली?

तर मग जायचं कधी?

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर एका रीडिंगवरून ग्राफ काढता येत नाही. मी फक्त तापाचा आकडा पाहत होते. डॉक्टरांनी दिवस, श्वास, लघवी आणि मी कुठे गेले होते ते पाहिलं. मला दवाखान्यात सांगितलेलं आणि नंतर विचारून घेतलेलं खाली तीन भागांत देते आहे. पाठ करण्यापेक्षा कपाटाच्या दारावर चिकटवा.

पहिला भाग: आत्ता, या क्षणी. रात्रीचे दोन वाजले असले तरी रेक्टरला उठवा, १०८ लावा.

१. बसल्या जागी दम लागतोय, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात.
२. बरळतोय, ओळखत नाही, उठवलं तरी उठत नाही, फिट आली.
३. ताप आणि डोकेदुखीबरोबर मान ताठ झाली, उजेड सहन होत नाही. किंवा अंगावर लाल-जांभळे डाग आले जे काचेचा ग्लास दाबून पाहिला तरी जात नाहीत.
४. उभं राहिलं की चक्कर येऊन पडतो, हातपाय गार पडलेत, सात-आठ तासांत लघवी नाही.
५. उलटीतून रक्त, डांबरासारखी काळी शी, हिरड्यांतून किंवा नाकातून थांबत नाही असं रक्त.
६. छातीत दाब, किंवा पोटात असं दुखणं की सरळ उभं राहता येत नाही. बेंबीजवळ सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकलेलं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं.
७. जमिनीवर झोपलेल्याला पहाटे अचानक पोटदुखी, मग पापण्या जड, बोलणं जड. मण्यार चावलेली कळत नाही, खूणही बहुतेक दिसत नाही. सकाळची वाट पाहू नका.

दुसरा भाग: आज, ओपीडी बंद व्हायच्या आत.

१. तापाचा तिसरा दिवस. थंडी वाजून ताप आला असेल किंवा जंगलपट्ट्यातल्या गावाहून आला असाल तर पहिल्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं.
२. पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. शीतून रक्त किंवा आव पडते.
३. डोळे किंवा लघवी पिवळी. (आमच्या आजीचा नियम: सकाळच्या उजेडात डोळे बघायचे, ट्यूबलाइटमध्ये नाही.)
४. दमा, शुगर, फिट, सिकलसेल असलेल्या कोणालाही ताप.
५. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन कमी, रात्री घाम. टीबीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात आणि वेळेवर घेतली तर टीबी बरा होतो. एका रूममध्ये चार जण झोपतात हे लक्षात ठेवा.

तिसरा भाग: रूमवर चालेल. नाक वाहतंय, घसा दुखतोय, ताप थोडा आहे, पण खातोय, पितोय, लघवीला जातोय, फालतू जोक मारतोय. आराम, पाणी, पॅरासिटामॉल. पण सकाळ-संध्याकाळ एकदा कोणीतरी बघायचंच.

इथे डेंग्यूबद्दल वेगळं सांगते, कारण यात पुष्कळ जण फसतात. डेंग्यूत धोका बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप कमी होतो, आपण खूश होतो, आणि पुढच्या एक-दोन दिवसांतच रक्तातलं पाणी वाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागून प्रेशर पडतं. म्हणून ताप उतरल्यावर माणूस ताजातवाना वाटला पाहिजे. ताप उतरला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, फार सुस्त किंवा फार अस्वस्थ आहे, तर तो बरा झालेला नाही. त्याला लगेच घेऊन जा.

रूममेटचं काम

एक. श्वास मोजा. माणूस शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट. (सांगितलं की श्वास बदलतो, म्हणूनच सिस्टर मला "काही नाही" म्हणाली.) मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. २४ च्या वर गेले तर दवाखाना, ३० च्या वर गेले तर पहिला भाग. बसलेल्या माणसाची नाडी १२० च्या वर किंवा ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली असेल तरी थांबू नका.

दोन. वहीच्या पानावर लिहा: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणती गोळी किती वाजता घेतली, कशाची अ‍ॅलर्जी आहे, कुठे जाऊन आला. मुलींनी पाळीची शेवटची तारीखही लिहावी आणि डॉक्टरांना लाजू नये; पोटदुखीत ते कळणं फार गरजेचं असतं. डॉक्टरसमोर बसलं की आजाऱ्याला काहीच आठवत नाही. मला माझ्या गोळ्यांची नावंसुद्धा सांगता आली नव्हती.

तीन. आजाऱ्याला एकटं गावी पाठवू नका. घरी जाणं म्हणजे उपचार नाही. आधी जवळचा दवाखाना, मग घरी फोन.

चार. तो चिडेल. चिडू द्या. मैत्री नंतर दुरुस्त होते.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या

पॅरासिटामॉल चांगली गोळी आहे, पण दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास ठेवा आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नका, म्हणजे ५०० च्या आठ. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉलच असतं, ते हिशोबात धरा. जास्त झालं तर लिव्हर जातं. ताप कशाचा हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. दुसऱ्याचं उरलेलं अँटिबायोटिक तर नकोच नको. जुलाब असतील तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्यातच घोळा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मेसच्या भाजीचा नाही!

जो ताप थर्मामीटरला दिसत नाही

मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. दोन आठवडे झोप नाही किंवा नुसतीच झोप, मेसला जाणं बंद, आंघोळ बंद, लेक्चर बंद, आवडत्या गोष्टीतही मन नाही, तर तो आळस नाही. "मी नसलो तर बरं होईल" असं कोणी हसत जरी म्हटलं तरी ते पहिल्या भागातलं लक्षण आहे. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि रेक्टरला सांगा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. गुपित राखण्यापेक्षा मित्र राखणं महत्त्वाचं.

सर, मॅडम आणि रेक्टर यांना विनंती

लहान तोंडी मोठा घास घेते आहे. मी पाच दिवस थांबले ते कोणी अडवलं म्हणून नाही. पेपर बुडेल, अटेंडन्स कमी पडेल, ही भीती माझीच होती. पण ही भीती प्रत्येक रूममध्ये आहे. "आजारी असाल तर आधी दवाखाना, परीक्षेचं नंतर बघू" हे सत्राच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी मोठ्याने सांगितलं तर फार फरक पडेल. हॉस्टेलच्या ऑफिसात प्रत्येकाचं एक कार्ड असावं: ब्लड ग्रुप, जुना आजार, अ‍ॅलर्जी, घरचे दोन फोन नंबर. आणि प्रत्येक मजल्यावर एक थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर आणि ओआरएसची पाकिटं. खर्च एका वॉटर कूलरपेक्षा नक्कीच कमी येईल.

शेवटी एवढंच. या वर्षी पोळ्याला मी परत धुऱ्यावर गेले. पण पायात बूट होते, पूर्ण बाह्या होत्या, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ केली. आजी हसली. म्हणाली, पोरगी शहाणी झाली. शहाणी झाले की नाही माहीत नाही, पण रात्री रूममध्ये कोणी खोकलं तर आता मी दिवा लावून विचारते. शिव्या खाते. तुम्हीही खा.